देवीला दाखवलेली रिक्षा

आमच्या गिरणीच्या भिंतीवर एक पितळी कठडा टांगलेला आहे. दळण घेऊन येणाऱ्या नव्या बायका विचारतात, हा कशाचा? रिक्षाचा, असं मी सांगते. त्या हसतात, आणि हसण्यासारखंच आहे ते. पुढचं समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. डबा ठेवा, गहू की ज्वारी ते सांगा आणि तासाभरानं या, एवढंच मी बोलते.

माझं माहेर कबनूरचं. घराच्या पुढच्या सोप्यात यंत्रमाग होते आणि आम्ही भावंडं त्यांच्या खडखडाटात वाढलो. वीज गेली की माग थांबत आणि मगच एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येई. लग्न होऊन कोल्हापुरात आले तर इथं सासऱ्यांची पिठाची गिरणी. सासरे गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली, कारण आमच्या मालकांना, म्हणजे ह्यांना, तिच्यात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त रिक्षा.

कोल्हापुरात रिक्षा नुसती चालवत नाहीत, ती नटवतात. नव्वदच्या दशकात तर नुसती चढाओढ होती. पितळी कठडे, मखमली छत, आरसे, पुढं पितळी घोडा, मागं पंख पसरलेला गरुड, आणि सीटच्या मागं एवढे मोठे स्पीकर की प्रवाशाला मान पुढं काढून बसावं लागे. वर्षातून एकदा सजवलेल्या रिक्षांची स्पर्धा व्हायची. आमच्या ह्यांनी एकदा पहिला नंबर काढला तेव्हा राजारामपुरीच्या स्टँडवर पेढे वाटले, आणि घरी मला सांगायचं विसरले. रिक्षा ही रिक्षावाल्याची दुसरी बायको, असं लोक म्हणतात. मी म्हणायची, दुसरी कुठली, पहिलीच.

ती पहिली बायको पेट्रोलवर चालायची, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. त्याचा निळसर धूर निघे. स्टँडवर दहाबारा रिक्षा एकामागं एक उभ्या, सगळ्यांची इंजिनं भुरभुरत असलेली, आणि मधे ही माणसं चहा पीत बसलेली. ते घरी आले की शर्टाला तोच वास यायचा. सुरुवातीला मला तो बरा वाटे, खोटं कशाला बोलू. पुढं त्यांना खोकला लागला. पावसाळ्यात लागतो तसा लागला आणि पावसाळा संपला तरी गेला नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षाचा आवाज आला की मी भाकरी तव्यावर टाकायची. नंतर नंतर रिक्षाच्या आधी खोकला ऐकू यायला लागला.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की धूर सोडा, नाहीतर फार वर्षं काढणार नाही. मी म्हटलं, गिरणीत बसा. तर डॉक्टर म्हणाले, पिठाची धूळही तेवढीच वाईट. म्हणजे आमच्या घरात जगायची जी दोन साधनं होती, ती दोन्ही त्यांच्या छातीला चालत नव्हती. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले होते. ते शेजारी उभे राहून समोर लावलेल्या कुणाच्या तरी रिक्षाचा हेडलाइट न्याहाळत होते.

अशात बॅटरी रिक्षा आली. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. बाहेरगावच्या एका कंपनीनं तीनचाकी तयार केली होती, धूर नाही, पेट्रोल नाही, रात्रभर विजेवर लावायची आणि दिवसभर पळवायची. ती खऱ्या रस्त्यावर, खऱ्या रिक्षावाल्याच्या हातात कशी टिकते हे त्यांना बघायचं होतं. कंपनीचे साहेब स्टँडवर आले आणि विचारलं, कोण चालवणार? स्टँडचे प्रमुख होते, वयानं सगळ्यांत मोठे, त्यांना सगळे दादाच म्हणत. त्यांनी आमच्या ह्यांचं नाव सुचवलं. बाकीच्यांनी मान डोलावली. खोकला सगळ्यांनाच ऐकू येत होता.

अट सरळ होती. वर्षभर चालवायची. वर्षाच्या शेवटी साहेब स्वतः येणार, ठरलेल्या रस्त्यानं, प्रवासी बसवून, एका चार्जिंगवर शहराच्या चार फेऱ्या करायच्या. झाल्या, तर कंपनी स्टँडला आणखी गाड्या देणार आणि ही गाडी आमच्या ह्यांच्या नावावर होणार. नाही झाल्या, तर गाडी परत. साहेब तरुण होते, बोलायला लागले की थांबत नसत. इथं जमलं तर सांगलीला, मग साताऱ्याला, असं करत एक दिवस देशातली सगळी वाहनं विजेवर जातील म्हणाले. मी चहा देताना विचारलं, ती वीज कुठनं आणणार? आमच्याकडं तर गिरणीलाच मिळत नाही. साहेब हसले. मी काही विनोद केला नव्हता.

पेट्रोलची रिक्षा आम्ही गिरणीच्या मागं ताडपत्री टाकून उभी केली. मी म्हटलं होतं, देऊन टाका भंगारात. ते म्हणाले, वर्षभर थांब, मग बघू.

ती बॅटरीची गाडी इतकी मुकी होती की पहिले पंधरा दिवस तिनं आमची करमणूकच केली. प्रवासी बसायचे आणि विचारायचे, "पावणं, चालू करा की." गाडी तेव्हा निम्मा रस्ता ओलांडून गेलेली असायची. मला तर ते कधी घरी येतात तेच कळेना. भाकऱ्या गार व्हायला लागल्या. मागं वळून बघावं तर हे दारात उभे, आणि आल्या आल्या म्हणायचे, दचकलीस का? दोनतीन महिन्यांनी एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ कान लावून बसले आहे आणि खोकलाही ऐकू आलेला नाही. ते येऊन हातपाय धुऊन बसलेही होते. मी उठून भाकरी तव्यावर टाकली. बोललं की दृष्ट लागते, असं आम्ही मानतो.

पण मालक कोल्हापूरचे. बोडकी गाडी चालवणं त्यांना जमेना. आधी छोटा आरसा आला. मग पितळी घोडा. मग जुन्या रिक्षाचा कठडा सोडवून ह्या गाडीला बसला, टेप बसला, स्पीकर बसले, छताला रंगीत दिव्यांची माळ लागली. स्टँडवर कौतुक झालं, आणि गाडी दुपारनंतर दम टाकायला लागली. साहेब महिन्याच्या महिन्याला येत. त्यांनी गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला. पितळेचं वजन ओढायलाही वीज लागते आणि टेपलाही वीजच लागते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. ह्यांच्या डोक्यात ते शिरेना, मग मी माझ्या भाषेत सांगितलं, की डबाभर पीठ तेवढंच आहे, जाड भाकरी थापाल तर कमी होतील. तेव्हा पटलं. पटलं म्हणजे काय, रागावून एकेक वस्तू उतरवली आणि गिरणीत आणून टाकली. घोडा वजनकाट्याशेजारी उभा राहिला, आरसा खिळ्याला लागला आणि कठडा भिंतीवर चढला. गिरणीत येणाऱ्या बायका आरशात बघून केस नीट करू लागल्या.

तोपर्यंत भारनियमन आणखी वाढलं होतं. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी वीज जायची, संध्याकाळी जायची, आणि वेळापत्रक छापून यायचं ते न पाळण्यासाठीच. दिवसा गिरणी बंद म्हणून बायका रात्रीच्या विजेवर दळण मागत. आणि रात्री गाडी लावलेली. गिरणीची मोटर सुरू केली की विजेचा दाब उतरायचा आणि चार्जर टुकटुक करून बंद पडायचा. दोन्ही एकदम चालत नसत. एक काहीतरी निवडावं लागायचं, आणि निवडायचं मी.

मी गाडी निवडत गेले. गिऱ्हाईक तुटलं. वर्षानुवर्षं आमच्याकडंच येणारी शेजारीण दारात डबा घेऊन उभी राहून म्हणाली, "पीठ न्हाय तर पाटी तरी काढून टाका की." वीज कधी येईल ह्याकडं एक कान ठेवून झोपायचं, आली की उठून चार्जर लावायचा, गेली की काढायचा, बॅटरीत पाणी किती आहे ते बघायचं. लहान मूल आजारी असावं तशी ती गाडी आम्ही वर्षभर जपली. मी इतकी दमले होते की उभ्या उभ्या झोप यायची. पण माणूस खोकत नव्हता. तेवढ्यासाठी मी आणखी एक वर्ष तसंच काढलं असतं.

साहेबांच्या चार फेऱ्यांचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी गिरणीला कुलूप लावलं. दिवसभर आणि रात्रभर जेवढी वीज आली तेवढी सगळी गाडीला. वीज तुकड्या-तुकड्यांनीच आली, पण पहाटे चार्जरवरचा, बॅटरी पूर्ण भरल्याचा, हिरवा दिवा लागला. कितीतरी महिन्यांत तो दिवा आम्ही बघितला नव्हता. ह्यांनी मला हाक मारून दाखवला. आम्ही दोघं त्या दिव्याकडं बघत उभे होतो, एखाद्या पाळण्याकडं बघावं तसे.

उजाडताना गल्लीत भुरभुर ऐकू आली. दादा आले होते, आणि त्यांच्यामागं स्टँडच्या सगळ्या रिक्षा. हार, नारळ, लिंबू, कुंकू, सगळी तयारी. आमच्याकडं नवी गाडी घेतली, दुरुस्त करून आणली, लांबच्या प्रवासाला निघाली, काहीही असो, ती आधी अंबाबाईला दाखवायची. न दाखवता शुभकाम करणारा माणूस मला तरी माहीत नाही. दादा म्हणाले, चला, देवीला दाखवून आणू.

मी म्हटलं, "आधी साहेबांची फेरी हूं दे दादा. मग देवीला न्या, जोतिबाला न्या, कुठं बी न्या."

दादांना खरोखरच कळेना मी काय म्हणते ते. "आसं कसं वैनी? परीक्षेला बसायच्या आधी पाया पडायचं आसतंय. पास झाल्यावर कोन बी पडतंय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांना कळत होतं. गाडीच्या पोटात किती आहे आणि चार फेऱ्यांना किती लागणार, हे वर्षभर चालवून त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण ज्या माणसांनी स्वतःची नावं मागं ठेवून ह्यांचं नाव पुढं केलं होतं, ती माणसं पहाटे अंघोळ करून, कपाळाला गंध लावून दारात उभी होती. जवळच हाय, जाऊन येतो, एवढंच ते पुटपुटले. देऊळ जवळच होतं, ते खोटं नव्हतं.

मग कुणीतरी गिरणीत शिरलं आणि भिंतीवरचा कठडा काढला. देवीसमोर बोडकी गाडी कशी न्यायची? घोडा निघाला, स्पीकर निघाले, दिव्यांची माळ निघाली. दहा हातांनी बघता बघता गाडी नटवली आणि ती मुकी गाडी टेप लावून, माळ पेटवून, दाटीवाटीनं माणसं बसवून गल्लीतून गेली. देवळापासून ते सरळ परत आले नाहीत. बिंदू चौकातल्या स्टँडवर ओळखीचे होते, त्यांना गाडी दाखवायची राहिली होती. मग गंगावेशीतल्या स्टँडला राग येईल म्हणून तिकडं. प्रत्येकानं एक चक्कर मारून बघितली. सगळं प्रेमापोटी. परत आले तेव्हा गाडीवर कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि सगळ्यांचे चेहरे लग्नघरातल्यासारखे फुललेले होते. हे तेवढे आल्या आल्या बॅटरी बघायला वाकले.

साहेब नऊच्या सुमारास आले. पितळ बघून दचकले, तेव्हा पोरांनी पटापट सगळं उतरवून दिलं. प्रवासी म्हणून साहेब, त्यांचा एक माणूस आणि मी बसलो. मला घरी थांबणं शक्यच नव्हतं. पुन्हा वीज लावायला वेळ नव्हता, आणि लावायची म्हटली तरी तेव्हा आमच्या भागातली गेलेली होती.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीत गाडीचा जोर कमी झाल्याचं मला बसल्या जागी कळलं, जातं जड फिरायला लागल्यावर कळतं तसं. मागून सगळ्या रिक्षा येत होत्या, स्टँडच्या माणसाला एकटं कसं सोडायचं म्हणून. धूर ओकत, हॉर्न वाजवत त्या आमच्या दोन्ही बाजूंनी चालल्या होत्या. चौथ्या फेरीत राजारामपुरी मागं टाकून विद्यापीठाकडचा चढ लागला. तो चढ संपला की पुढं सगळा उतार, गाडी आपोआप स्टँडवर येणार. त्या चढावर ती हळू झाली, माणूस चालतो तेवढी झाली, आणि थांबली.

मी पटकन उतरले. प्रवाशानं उतरायचं नाही असा नियम होता, पण साहेबांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. माझं वजन उतरूनही ती हलली नाही. मग हे उतरले. मागच्या रिक्षांतून सगळे धावत आले, गाडीला हात लावला आणि ढकलत ढकलत तिला चढाच्या माथ्यावर नेलं. त्यांच्या रिक्षा मागं तशाच सुरू ठेवलेल्या, सगळा रस्ता निळा झालेला. त्या धुरात ढकलता ढकलता ह्यांना ढास लागली. किती तरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते. गाडी माथ्यावर पोचली, आणि ते तिला धरून वाकून खोकत राहिले.

साहेबांनी जे झालं ते लिहून घेतलं. दुसरं काय करणार? वाईट माणूस नव्हता तो. जाताना मला म्हणाला, एवढ्या थोडक्यासाठी गेलं, आणखी थोडी वीज असती तर. मी तोंड उघडणार होते. ह्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

संध्याकाळी दादा घरी आले. डोळे पुसत होते. म्हणाले, देवीला दाखवली म्हणून तर निदान चौथ्या फेरीपर्यंत पोचली. नाहीतर पहिल्यालाच बसली असती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी खाली ठेवला, नाहीतर फेकला असता.

दादा गेल्यावर मी म्हटलं, सकाळच्या त्या मिरवणुकीतच वीज संपली, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. ह्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "न्हाय सांगायचं. कवाच न्हाय. कळलं तर ती मानसं जलमभर स्वतःला खात बसतील. माझं काय, मी रिक्षावालाच हाय."

दोन दिवसांनी कंपनीचा टेम्पो येऊन गाडी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी मी गिरणी उघडली तेव्हा मागनं ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, बराच वेळ दांडा ओढला, आणि ती जुनी रिक्षा खोकत खोकत सुरू झाली. धूर गिरणीत शिरला. मी मोटर सुरू केली, कारण मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. पितळी कठडा मात्र त्यांनी परत नेला नाही. असू दे भिंतीवर, म्हणाले.

त्यानंतर त्यांनी काही वर्षं रिक्षा चालवली, मग चालवता येईना, मग श्वास घेता येईना. ते गेले तेव्हा स्टँडच्या सगळ्या रिक्षा मागं होत्या. दादांनी खांदा दिला.

आता राजारामपुरीत बॅटरीच्या रिक्षा मुंग्यांसारख्या फिरतात. कुणाला त्यांचं नवल नाही. परवा त्यातलीच एक दारात थांबली आणि दादा उतरले, काठी टेकत. दळण आणलं होतं. माझ्या हातात डबा देऊन ते कठड्याखालच्या बाकावर बसले, थोडा दम घेतला आणि वर बघत म्हणाले, "वैनी, एक डोक्यातनं जात न्हाय बघा. माझा पोरगा आता ही बॅटरीची रिक्षा घेऊन घरनं निघतोय ते दिवसभर पळवतोय. मग आपलीच गाडी तवा का थांबली असंल वो?"

किती वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर तर माझ्या जिभेवर तयार होतं, धार लावून ठेवलेलं. तेवढ्यात दादा काठीवर वाकून खोकले. त्यांना स्वतःलाही आता तसलाच खोकला लागलाय.

"बॅटरीच तसली होती दादा," मी म्हटलं. "त्या वेळच्या बॅटऱ्यांत जीवच नव्हता."

त्यांनी मान डोलावली. मी त्यांचा डबा उघडला, ज्वारी होती, ती पाखडून घेतली आणि मोटर सुरू केली.